साथीचा कायदा आणि आजाऱ्याची भीती

(सावित्रीबाई फुले स्मृतिदिनानिमित्त वाशीम येथे दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



१० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगने गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई तिथे रोग्यांची शुश्रूषा करीत. मुंढव्याच्या दलित वस्तीतल्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच सेवेत त्यांना प्लेगची लागण झाली. पुढे १९०५ साली डॉ. यशवंतही प्लेगनेच गेले.

सावित्रीबाईंच्या मृत्यूच्या जेमतेम महिनाभर आधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, ब्रिटिश सरकारने साथरोग प्रतिबंधक कायदा केला. एकाच रोगाला एकाच वर्षी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. सरकारने आदेश काढले, झडत्या घेतल्या आणि शिक्षा ठेवली. हडपसरच्या माळावर मात्र आजाऱ्याला उचलून आणले जात होते. गेली सव्वाशे वर्षे आपला कायदा पहिल्याच वाटेने चालत आला आहे. म्हणून आजच्या दिवशी मी हा विषय निवडला : धोकादायक सांसर्गिक रोग पसरवण्याबद्दल कायदा कोणाला गुन्हेगार ठरवतो, कोणाला ठरवायला हवे, आणि आजारी माणसावर त्याचा काय परिणाम होतो.

कलमे काय म्हणतात

आधी कायदा नीट पाहू. भारतीय दंड संहितेत १८६० पासून कलम २६९ आणि २७० ही दोन कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यांचे क्रमांक २७१ व २७२ झाले. आशय तोच राहिला. जीविताला धोकादायक अशा रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानायला कारण असताना, हयगयीने किंवा बेकायदेशीरपणे एखादी कृती केली, तर कलम २७१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तीच कृती घातकी बुद्धीने केली असेल तर कलम २७२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद. हे दोन्ही गुन्हे दखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. विलगीकरणाचा नियम मोडल्याबद्दल कलम २७३ वेगळे आहे. शिवाय सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याचे जुने कलम १८८ आहेच, ते आता २२३ झाले.

या शब्दरचनेत तीन गोष्टी ध्यानात घ्या. एक, कायद्यात रोगांची यादी नाही. पटकी, प्लेग, क्षय, एचआयव्ही, कोविड, काहीही त्यात बसवता येते. दोन, कोणाला लागण झाली हे सिद्ध करावे लागत नाही, ‘संभव’ पुरतो. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची : सगळा गुन्हा माहितीवर उभा आहे. आपल्याला रोग आहे हे माणसाला माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का, हा खरा प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकात न्यायालयांनी या कलमाचा अर्थ कसा लावला, हे दोन निकालांत दिसते. १८८३ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे कृष्णप्पाचा खटला आला. त्याला पटकी झाली होती, ते त्याला ठाऊक होते, तरी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना न सांगता तो गाडीत बसला. तो दोषी ठरला आणि सगळे माहीत असून त्याच्यासाठी तिकीट काढणारा सोबतीही या गुन्ह्याला मदत केल्याबद्दल दोषी ठरला. तीन वर्षांनी, १८८६ साली, मुंबई उच्च न्यायालयापुढे रखमाचा खटला आला. ती देहविक्रय करणारी बाई होती, तिला उपदंश होता आणि तिच्याकडे आलेल्या पुरुषाला लागण झाली. न्यायालयाने कलम २६९ लावायला नकार दिला. त्या पुरुषाच्या स्वतःच्या कृतीशिवाय ही लागण झाली नसती, आणि त्याची जबाबदारी त्याची स्वतःची होती. तिने खोटे सांगून त्याला फसवले असेल तर फसवणुकीचा गुन्हा होऊ शकेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हा दुसरा निकाल मला फार मोलाचा वाटतो. समाजाने आधीच दोषी ठरवलेल्या एका बाईच्या बाबतीत न्यायाधीशांनी थांबून विचारले, की हिच्या एकटीच्या माथी सगळा दोष मारायचा कसा? साथ आली की नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

झडती आणि भीती

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. साथ पुण्यात पोचली तेव्हा तिथल्या प्लेग समितीची सूत्रे रँड या ब्रिटिश अधिकाऱ्याकडे आली. नव्या कायद्याने सरकारला हवे ते नियम करण्याची मुभा दिली होती, ते मोडणाऱ्याला कलम १८८ ची शिक्षा ठेवली होती, आणि सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा करता येणार नाही असे संरक्षणही दिले होते. चार कलमांच्या त्या कायद्यात आजाऱ्याला कोणताही हक्क नव्हता. दुसऱ्या डॉक्टरला दाखवण्याचा नाही, किती दिवस कोंडून ठेवणार हे विचारण्याचा नाही, दाद मागण्याचा नाही.

गोरे सोजीर घराघरांत शिरले, देवघरे आणि माजघरे धुंडाळली, आजारी दिसेल त्याला छावणीत नेले, सामानसुमान बाहेर काढून जाळले. लोकांनी त्याला उत्तर दिले ते लपवण्याने. आजाऱ्यांना माळ्यावर दडवले, नातेवाइकांकडे गुपचूप हलवले, मृत्यूची नोंद टाळली. ज्या घरातून रोगी पळाला त्या घरातून रोगही त्याच्याबरोबर पुढच्या गावी गेला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा इतिहास आपण स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून शिकतो. आरोग्याच्या इतिहासातही तो तितक्याच गांभीर्याने शिकवला पाहिजे, कारण धाकाने साथ आटोक्यात आणायला गेले की लोक रोग लपवतात, हे आपल्याला तिथेच कळले होते.

१८९८ साली कुष्ठरोग्यांसाठी कायदा आला. निर्धन कुष्ठरोगी दिसला की पोलिसाने वॉरंटशिवाय धरावे, अशी त्यात तरतूद होती. रोग आणि गरिबी एकत्र आली की ती अटकेची बाब ठरत होती. औषधोपचाराने कुष्ठरोग पूर्ण बरा होतो हे सिद्ध झाल्यावरही हा कायदा केंद्राच्या पुस्तकात २०१६ पर्यंत राहिला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत. आपल्या शेजारी अमरावतीला १९४६ साली शिवाजीराव तथा दाजीसाहेब पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. त्या काळात कायदा कुष्ठरोग्याला रस्त्यावरून उचलत होता आणि दाजीसाहेब त्याला घर देत होते.

गोव्यातले ६४ दिवस

स्वातंत्र्यानंतर वृत्ती बदलली का? १९८९ ची गोष्ट पाहा. गोव्यातला डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही आढळला. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याला ताब्यात घेऊन एका बंद पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात एकटे ठेवण्यात आले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात १९८७ च्या दुरुस्तीने एचआयव्हीबाधिताला सक्तीने वेगळे ठेवण्याची तरतूद आली होती. त्याने कोणाला लागण केली असा आरोपही नव्हता. रक्तदान करणे हीच त्याची कृती होती. आई लुसी डिसोझा यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली. ६४ दिवसांनी डॉमिनिक सुटला, पण न्यायालयाने कायदा वैध ठरवला. पुढे आंदोलनामुळे सक्तीची तरतूद सौम्य झाली. १९९२ साली डॉमिनिक गेला, त्याच वर्षी त्याने सुरू केलेली ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था मागे ठेवून.

१९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या विवाहाच्या हक्कावरच मर्यादा घातली आणि त्यासाठी कलम २६९ व २७० चा आधार घेतला. २००२ साली न्यायालयाने स्वतःच तो भाग मागे घेतल्यासारखे स्पष्टीकरण दिले. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, आणि त्यात मला पहिल्यांदा वेगळी दृष्टी दिसते. समुपदेशन झालेल्या बाधिताने लागण टाळण्यासाठी योग्य ती काळजी घ्यावी, हे कर्तव्य त्यात आहे. पण त्याबरोबर गुप्ततेचा हक्क आहे, संमतीशिवाय चाचणी नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला बंदी आहे. जिथे जोडीदाराला सांगितल्याने बाईला मारहाणीची भीती आहे, तिथे तिला सांगण्याची सक्ती नाही. रोग्याला जबाबदारी दिली आणि जबाबदारी पेलता यावी म्हणून संरक्षणही दिले. साथीच्या कायद्याची घडण अशी असायला हवी.

२०२० : लाखो गुन्हे

कोविड आला तेव्हा मात्र आपण पुन्हा १८९७ कडे गेलो. मार्च २०२० मध्ये राज्यात साथरोग कायदा लागू झाला. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने गृह विलगीकरणाचा शिक्का मारला जाऊ लागला. त्या शिक्क्यावर किती तारखेपर्यंत घरात राहायचे ते लिहिलेले असे. हेतू योग्य होता. पण शिक्का दिसला की दुकानदार सामान देईना, शेजारी दार लावू लागले, लोक हात बाहीत लपवू लागले. आपल्या वऱ्हाडात पुण्या-मुंबईहून परतणाऱ्यांसाठी गावांच्या शिवेवर बाभळीच्या काट्या पडल्या, जिल्हा परिषदेच्या शाळांत खोल्या उघडल्या. परतलेली माणसे आपल्याच गावची, आपल्याच भावकीतली होती.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार देशात २०१९ मध्ये कलम १८८ खाली २९,४६९ गुन्हे नोंदले गेले होते. २०२० मध्ये ते ६,१२,१७९ झाले. मास्क नाही, संचारबंदीत बाहेर पडला, दुकान उघडे ठेवले, अशा कारणांनी विद्यार्थी, मजूर, भाजीवाले आरोपी झाले. मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने हे गुन्हे मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर कित्येकांना नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत या नोंदीची धास्ती घेऊन राहावे लागले.

आता आपल्याच उच्च न्यायालयाचे पाहू. तबलिगी जमातसाठी आलेल्या म्यानमारच्या आठ नागरिकांवर नागपुरात एप्रिल २०२० मध्ये कलम २६९, २७० आणि इतर कलमांखाली गुन्हा नोंदला गेला. त्यांना आमदार निवासात विलगीकरणात ठेवले होते आणि त्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या होत्या. २१ सप्टेंबर २०२० रोजी नागपूर खंडपीठाने हा गुन्हा रद्द केला. रोग पसरण्याचा संभव असलेली कोणतीही कृती त्यांनी केल्याचा पुरावाच नव्हता. त्याआधी, २१ ऑगस्टला, औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना, संकटकाळात सरकार बळीचा बकरा शोधते, असे परखडपणे नोंदवले. ज्याला रोगच नाही, त्याच्यावर रोग पसरवल्याचा गुन्हा का दाखल व्हावा? कारण आपण कृती पाहिली नाही, माणूस कोण आहे ते पाहिले. रखमाच्या खटल्यात जो प्रश्न न्यायाधीशांनी विचारला, तो २०२० मध्ये पोलीस ठाण्यात कोणी विचारला नाही.

आपल्या जिल्ह्यातले दोन दिवस

फेब्रुवारी २०२१ मध्ये वाशीम जिल्ह्यात एकाच आठवड्यात दोन घटना घडल्या. त्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत, म्हणून त्यांवर थोडे थांबतो.

२१ फेब्रुवारीला तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्या दिवसापासून धार्मिक, सामाजिक, राजकीय गर्दीवर बंदी जाहीर केली. २३ फेब्रुवारीला तत्कालीन वनमंत्री संजय राठोड मानोरा तालुक्यातील पोहरादेवीला दर्शनाला आले आणि हजारोंचा जमाव जमला. पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, देशभरच्या बंजारा बांधवांचे श्रद्धास्थान. २०२० ची रामनवमी टाळेबंदीत आली, तेव्हा याच समाजाने यात्रेविना घरी बसून नियम पाळला होता, हेही विसरू नका. त्या दिवसाबद्दल सुमारे दहा हजार लोकांवर गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या आल्या.

वकील म्हणून मला विचारायचे आहे, की दहा हजार आरोपींचा खटला कोणते न्यायालय चालवणार? त्यांतल्या प्रत्येकाला काय माहीत होते, हे कोण सिद्ध करणार? तांड्यावरून आलेल्या शेतमजुराची आणि कार्यक्रम ठरवणाऱ्याची जबाबदारी एकच आहे का? गर्दी होणार हे ज्याला आधी ठाऊक असते, ती थांबवण्याचे बळ ज्याच्याकडे असते, त्याची जबाबदारी सर्वांत मोठी. सगळ्यांवर गुन्हा म्हणजे कोणावरच नाही, आणि नोंद मात्र गरिबाच्या नावावर राहते.

त्याच आठवड्यात रिसोड तालुक्यातील देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी पॉझिटिव्ह निघाले. बहुतेक मुले अमरावती आणि यवतमाळ भागातून आलेली. इथे आरोपी कोण? आधी कोणाला लागण झाली आणि कोणाकडून, हे शोधत बसलो असतो तर मुलांनी ताप सांगितलाच नसता. तिथे गरज होती ती चाचणीची, परिसर वेगळा करण्याची, डॉक्टरांच्या पाळ्यांची, घाबरलेल्या आईबापांशी बोलण्याची. आरोग्य यंत्रणेने तोच मार्ग धरला. मुलांना शाळेतच वेगळे ठेवले, त्यांच्यावर उपचार झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच आठवड्यात गुन्हा आणि उपचार या दोन वाटा आपल्यासमोर होत्या. रोग कोणत्या वाटेने आटोक्यात येतो, हे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिले.

माहितीला शिक्षा

आता मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. कलम २७१ मध्ये गुन्हा माहितीवर उभा आहे, हे मी सुरुवातीला सांगितले. याचा व्यवहारात अर्थ काय होतो? जो चाचणी करून घेतो, त्याला माहिती होते. माहिती झाली की तो कायद्याच्या कक्षेत आला. जो चाचणी टाळतो, तो म्हणू शकतो की मला माहीतच नव्हते. कायद्याचा असा हेतू नसेलही, पण परिणाम असा होतो की प्रामाणिक माणूस अडकतो आणि टाळणारा सुटतो. आशाताई दारात आली की ताप नाही म्हणून सांगणे शहाणपणाचे वाटू लागते.

त्यात हातावर पोट असलेल्यांची अडचण निराळी. वाशीम हा २०१८ पासून देशाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेला जिल्हा. सोयाबीनच्या काढणीला जाणारी बाई चौदा दिवस घरात बसली तर चौदा दिवसांची मजुरी बुडते. घरात बस म्हणणारा आदेश तिच्या चुलीचे काय हे सांगत नाही. तिने आदेश मोडला तर ती हयगय म्हणायची की नाइलाज? न्यायाधीशाला हा प्रश्न पडला पाहिजे, आणि त्याआधी आदेश काढणाऱ्याला.

मग कलम २७१ काढून टाकायचे का? मी तसे म्हणत नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा येथे हिपॅटायटिस-बीची भीषण साथ आली. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या जात होत्या, माणसे दगावली, डॉक्टरांवर गुन्हे दाखल झाले. अशा ठिकाणी हे कलम शोभते. तिथे ज्ञान होते, अधिकार होता, पैशाचा लोभ होता, आणि रुग्णाला काहीही कळण्याची सोय नव्हती. रक्तपेढी, दवाखाना, कारखाना, वसतिगृह चालवणारा, सभा भरवणारा, अशा सत्ता हाती असलेल्यांसाठी हे कलम राखून ठेवावे. आणि जाणूनबुजून, दुसऱ्याचे वाईट व्हावे म्हणून रोग देणारा कोणी निघाला, तर २७२ आहेच.

क्षयरोगाच्या बाबतीत आपण ही दिशा थोडीफार पकडली आहे. २०१८ च्या अधिसूचनेनुसार क्षयरुग्णाची नोंद न कळवणाऱ्या डॉक्टरवर आणि औषधविक्रेत्यावर ही कलमे लागू शकतात. रुग्णावर मात्र धाक नाही, त्याला निक्षय पोषण योजनेतून खात्यात पैसे मिळतात. आधी महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण तिच्यामागचा विचार भक्कम आहे : रोग्याने पुढे यावे आणि पूर्ण औषध घ्यावे यासाठी त्याला आधार द्यायचा, आणि जबाबदारी माहीतगारावर ठेवायची. २०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती होऊन आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्याला पाच वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत कैद आली. तेही योग्यच झाले. पण त्याच दुरुस्तीत रोग्याच्या हक्कांची एक ओळही आली नाही.

काय बदलावे

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे सांगून सर्वंकष दुरुस्ती किंवा नवा कायदा सुचवला. तो जेव्हा होईल तेव्हा त्यात पुढील गोष्टी याव्यात, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

पहिली : जो स्वतः चाचणीला आला, ज्याने खरा प्रवास आणि खरे संपर्क सांगितले, त्याची ती माहिती त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येऊ नये. दुसरी : विलगीकरणाचा आदेश लेखी असावा, त्यात कारण आणि मुदत असावी, आणि त्याविरुद्ध काही दिवसांत दाद मागता यावी. तिसरी : कोंडून ठेवाल तेवढ्या दिवसांचे धान्य आणि बुडालेली मजुरी देणे हे सरकारचे कर्तव्य असावे. चौथी : कलम २७१ खाली गुन्हा नोंदवण्याआधी आरोग्य अधिकाऱ्याचे लेखी मत घेणे बंधनकारक असावे. कृतीने संसर्गाचा संभव होता का, हे ठाणेदाराने एकट्याने ठरवण्याची बाब नव्हे. पाचवी : आधी समज, मग लेखी सूचना, मग मदत, आणि हे सगळे करून झाल्यावरच गुन्हा, असा क्रम कायद्यातच लिहिलेला असावा.

कायदा दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा, कारंजा, या सहा तालुक्यांत काही गोष्टी आजच करता येतील. वकील संघाने साथीच्या काळात मोफत सल्ल्यासाठी नावे ठरवून ठेवावीत. ग्रामपंचायतींनी ठराव करावा, की बाहेरगावाहून परतलेल्याला गावात जागा मिळेल, दोन वेळचे जेवण मिळेल, आणि त्याचे नाव चव्हाट्यावर येणार नाही. पोलीस आणि आरोग्य विभागाने एकत्र बसून या कलमांचा वापर कधी करायचा आणि कधी नाही, याचा आराखडा तयार करावा. खरे सांगणाऱ्या घराला त्रास होणार नाही, अशी खात्री आशाताईंना देता आली पाहिजे.

पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही, पण ती येईल. त्या दिवशी पहिला ताप आलेला माणूस दवाखान्याचा रस्ता धरेल की घराची कडी लावून बसेल, हे आपण आज काय ठरवतो त्यावर अवलंबून आहे. त्याला दवाखान्याचाच रस्ता जवळचा वाटावा, एवढे काम या जिल्ह्यातल्या प्रत्येक वकिलाने, डॉक्टरने, सरपंचाने आणि पोलीस अधिकाऱ्याने आपले म्हणून हाती घ्यावे, अशी विनंती करून मी थांबतो.